नऊ सेकंदांचा हशा

४ जानेवारी

चि. खारूताईस, मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण डावा कान केव्हाच गेला होता आणि आता उजव्यानेही राजीनामा पाठवलाय. समोरासमोर भागतं, पण फोनवर मी नुसतं "हो हो" म्हणत राहतो आणि फोन ठेवला की मामीला विचारतो, मी कशाला हो म्हटलं. गेल्या महिन्यात अशाने आमच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या येऊन बसल्या.

तर मुद्दा. तुमच्या रेडिओ केंद्राला मार्चमध्ये पन्नास वर्षं होतात आणि जुने गाजलेले कार्यक्रम पुन्हा लावणार, असं पेपरात वाचलं. त्या यादीत 'शेठचं गोदाम' आहे. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. रविवारी सकाळी साडेनऊला हा कार्यक्रम लागला की रस्ते ओस पडायचे. लेखक मी, शेठ मी आणि शेठला वेळोवेळी तोंडघशी पाडणारा हमालही मीच. दोनशे भाग केले. त्यानंतर मी काय काय केलं ते मलाही आठवत नाही, पण अजून बँकेत एखादा म्हातारा माझा आवाज ऐकून वळून बघतो.

मी काही मागत नाही. तू तपासणी विभागात आहेस म्हणून आपलं सहज लिहिलं. निवड करायची झालीच, तर शेठ स्वतःच्याच गोदामात कोंडला जातो तो भाग घ्या. बिल्डिंगमधल्या बावीस घरांना मी सांगून ठेवलंय. खालच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायचं ठरलंय. माझं वय चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तरीला कोणी माझा सत्कार वगैरे करील असं दिसत नाही. तेव्हा हा अर्धा तास काय तो माझा.

मामी म्हणते, पोरीला अडचणीत आणू नका. मी कुठे आणतोय?

तुझा मामा

११ जानेवारी

ती. मामास, सा. न.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी सवय अजून गेली नाही तर. फाइल माझ्याच टेबलावर आहे आणि ते तुला पेपर वाचण्याआधीच कळलं होतं. आईने सांगितलं.

आता तू रागावणार, पण लिहिते. तुझा तो कोंडल्याचा भाग मी चारदा ऐकला. गोष्ट फक्कड आहे. पण अर्ध्या तासात शेठ हमालाला चौदा वेळा 'डांबऱ्या' म्हणतो. पलीकडच्या किनाऱ्यावरून गोदीत कामाला आलेल्या माणसांना त्यांच्या रंगावरून हे गाव तेव्हा काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे. ती माणसं इथेच राहिली, त्यांची नातवंडं आज आमच्या केंद्रात बातम्या वाचतात. हा शब्द पुन्हा हवेत सोडायचा की नाही, हे मला ठरवायचंय, आणि खाली सही माझी असेल.

आमच्या साहेबांनी तोडगा काढला. प्रत्येक 'डांबऱ्या'वर 'टूं' असा आवाज टाकायचा. आम्ही तसा नमुना करून टायपिस्टबाई, ड्रायव्हर आणि कँटीनवाले काका यांना ऐकवला आणि झाकलेला शब्द कागदावर लिहायला सांगितलं. तिघांनी तीन शब्द लिहिले. त्यातला एकही मी मामाला लिहायच्या पत्रात घालू शकत नाही. टायपिस्टबाईंनी लिहिलेल्या शब्दाचा अर्थ तर मला ड्रायव्हरला विचारावा लागला. तुझा शेठ त्या 'टूं'मुळे गुत्त्यातून उठून आल्यासारखा वाटतो.

शब्द कापून काढले तर वाक्यं लंगडतात आणि मागचा हशा तसाच राहतो. लोक कशाला हसतायत ते कळतच नाही.

हशावरून आठवलं. तुमच्या वेळी कार्यक्रम केंद्राच्या हॉलमध्ये प्रेक्षकांसमोर व्हायचा आणि ध्वनिमुद्रण करणारे टेपच्या खोक्यावर पेन्सिलने हशाची सेकंदं लिहून ठेवत. ती मी बघितली. शेठ गोदामात कोंडला जातो तिथे हशा तीन सेकंद. 'डांबऱ्या' शब्दाला नऊ सेकंद. चौदाच्या चौदा वेळा. मामा, तू म्हणशील की शेवटी हमालच जिंकतो. पण हॉलमधले लोक त्याच्या जिंकण्याला हसत नव्हते. शब्दालाच हसत होते.

खुर्च्या एवढ्यात मांडू नका.

तुझी खारूताई

१६ जानेवारी

चि. खारूताईस आशीर्वाद. (देतोय, पण हात आखडता घेऊन.)

टूं! मी आयुष्यात माईकवर एक शिवी दिलेली नाही. आणि आता तुझी टायपिस्टबाई माझ्या तोंडात काय घालते ते ड्रायव्हरला विचारायची वेळ आली.

अगं, शब्द माझा नाही, शेठचा आहे. शेठ कोण? मापात पाप करणारा, भित्रा, ढेरपोट्या गाढव. गाढवाच्या तोंडी गाढवाची भाषा घालायची नाही तर काय कीर्तन घालायचं? नाटकात खुन्याचं काम करणाऱ्याला कोणी फाशी देतं का? मी तो शब्द वापरला तो त्या शब्दाची लाज काढायला. कुठे म्हटलं, कोण म्हणालं, कशासाठी म्हणालं, शेवटी फजिती कोणाची झाली, हे बघायचं की नाही? का नुसती मोजदाद करायची? तुम्ही लोक वाणसामानाच्या यादीसारखे शब्द तपासता.

आणि सगळ्यांत मोठा पुरावा सांगतो. आमचा आवाजकर. खरं नाव वेगळं, पण दार, पाऊल, पाऊस, पोतं पडणं, सगळे आवाज तो काढायचा म्हणून आम्ही त्याला आवाजकर म्हणायचो. तो स्वतः त्या पलीकडच्या किनाऱ्याचा. त्याचा बाप गोदीत हमाल होता. दोनशेपैकी एकशे ऐंशी भाग तो माझ्या मागे दोन पावलांवर टेबल मांडून उभा होता. एकदा तरी कुरकुर केली असेल तर शपथ. उलट हशा ओसरला की मागून त्याचंही खुदखुदणं ऐकू यायचं. आम्ही एका डब्यात जेवायचो. शेवटी गुडघ्यांचं निमित्त सांगून सोडून गेला, तेही मला न भेटता, त्याचा मला राग आहे. पण त्याला शब्दाचं वाईट वाटायचं असं म्हणशील तर चूक आहे.

जा, विचार त्याला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? जुन्या बाजारात चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर राहायचा. असेल अजून.

नऊ सेकंदांचं म्हणशील, तर त्याला शब्दफेक म्हणतात. कोणता शब्द किती वर उचलून टाकायचा हे ज्याला कळतं त्याला नऊ सेकंद मिळतात. शब्दाला नाही, फेकीला हसायचे.

हे वाचून दाखवल्यावर मामी उगीचच हसली. विचारलं तर म्हणे, काही नाही, आचार्यांचं प्रवचन संपलं का?

तुझा मामा

३० जानेवारी

ती. मामास, सा. न.

उशीर झाला, कारण आवाजकरकाकांकडे मी एकदा नाही, तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी दारच उघडलं नाही. आतून कुत्रा भुंकत होता. दुसऱ्यांदाही कुत्रा. तिसऱ्यांदा दार उघडलं तर आत कुत्रा नव्हताच, काकाच होते. नको असलेल्या माणसांसाठी ते ठेवणीतला कुत्रा वापरतात.

दोनच खोल्या, पण खाटेखाली अख्खं रेडिओ केंद्र. ढगांच्या गडगडाटाचा पत्रा, पावलांसाठी खडी भरलेली पेटी, कडीकोयंड्यासकट दीड फुटी दार. वय एकोणऐंशी. भाषा अशी स्वच्छ की मी बोलताना दोनदा अडखळले. तुझं नाव घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, अजून माईकसमोर टाचा उचलतो का?

मी त्यांना नऊ सेकंदांचं सांगितलं. तुझं शब्दफेकीचं म्हणणंही सांगितलं. तर काका इतके हसले की मला पाणी द्यावं लागलं.

मामा, खुर्चीत नीट बसून वाच. तू प्रेक्षकांकडे तोंड करून माईकसमोर उभा राहायचास. काका तुझ्या मागे. तू 'डांबऱ्या' म्हटलंस की प्रत्येक वेळी काका तेल ओतायचं नरसाळं टोपीसारखं डोक्यावर घालायचे, पोट पुढे काढायचे आणि तुझी हुबेहूब नक्कल करायचे. टाचा उचलणं. टकलावरून आडवे केस बसवणं. वाक्य टाकल्यावर शाबासकी घ्यायला तू भुवया वर करतोस, ते. एकशे ऐंशी भाग. हॉलमध्ये दोनशे माणसं बसलेली आणि दिसत नव्हतं ते तुला एकट्याला. त्यांनी मला करून दाखवलं. चहा माझ्या नाकातून बाहेर आला. अगदी तू होतास.

म्हणजे माझंही चुकलं आणि तुझंही. हॉल शब्दाला हसत नव्हता आणि फेकीलाही नाही. हॉल तुला हसत होता.

मला आधी वाटलं, चला, सुटलो आपण. कार्यक्रम लावायला हरकत नाही, विनोद त्यांनीच उलटवला होता. तसं म्हटलंही. काकांनी नरसाळं खाटेखाली सरकवलं आणि सांगितलं की पुढचं मी त्यालाच लिहीन, तू मध्ये पडू नकोस. तेव्हा मी मध्ये पडत नाही.

तुझी खारूताई

३ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

मामीला विचारलं. ती प्रत्येक ध्वनिमुद्रणाला पहिल्या रांगेत असायची. खुशाल म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं, मी लग्नाच्या दहाव्या वर्षी तुमच्या विनोदांना हसत होते?" अठ्ठावीस वर्षं मी हिला माझी सर्वांत जुनी चाहती समजतोय. वर मला ऐकवलं, हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला.

मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

केस तर मी आडवे बसवतही नव्हतो.

मामा

९ फेब्रुवारी

प्रिय शेठ,

तुझ्या भाचीने पत्ता दिला. पोरगी चांगली आहे. हसताना तुझ्यासारख्या भुवया वर करते, पण शाबासकी मागत नाही.

नरसाळ्याचा राग मानू नकोस. मला तेव्हा ती मोठी युक्ती वाटायची. तू मला तो शब्द द्यायचास आणि मी तिथल्या तिथे दोनशे माणसांसमोर तुला परत करायचो. घरी जाताना मान ताठ असायची. मी बायकोला म्हणायचो, आज चौदा वेळा धुतला. तू मागून खुदखुद ऐकलीस, ती खरी होती.

पण शेठ, आपण रेडिओवर होतो. नरसाळं ऐकू येत नाही.

हे माझ्या मुलीने मला शिकवलं. ती तिसरीत होती. वर्गात हजेरीला तिचं नाव आलं की मागून एक पोरगा तुझ्या आवाजात तो शब्द म्हणायचा, तुझ्याच फेकीने, आणि सगळा वर्ग नऊ सेकंद हसायचा. ती पोरं वाईट नव्हती. त्यांनी दर रविवारी हेच ऐकलं होतं. तो शब्द आला, की मोठी माणसं पोट धरधरून हसतात. का हसतात ते त्यांना घरात बसून कसं दिसणार? एका रविवारी तिने मला विचारलं, "बाबा, तुम्ही तिथेच असता ना? मग तुम्ही काय करता?" मी तिला नरसाळं घालून दाखवलं. ती हसली नाही. सोमवारी मी गुडघ्यांचा अर्ज दिला. गुडघे उत्तम होते, आजही आहेत.

तू वाईट माणूस नाहीस हे मी कोणालाही सांगेन. कँटीनमध्ये तू मला त्या शब्दाने कधी हाक मारली नाहीस, फक्त माईकवर मारलीस. पण कँटीनमध्ये आपण दोघंच होतो आणि माईकवर सगळा मुलूख होता. उलटं केलं असतंस तरी मला चाललं असतं.

आणखी एक. तू विसरला असशील. पन्नासाव्या भागाच्या वेळी मी तुला म्हटलं होतं की हमाल मी करतो. तू मन लावून माझं वाचन ऐकलंस आणि खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "सगळं छान आहे रे, पण तुझा आवाज त्या लोकांसारखा वाटत नाही." मी घरी जाऊन माझ्या बापाला हे सांगितलं. पस्तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस. तो म्हणाला, मग मी जाऊन बघू का?

भाची म्हणते, जुनी टेप लावायची की नाही यावर तिची फाइल अडून बसली आहे. माझं मत विचारशील तर टेप राहू दे कपाटात. आपण दोघं जिवंत आहोत. तोच भाग हॉलमध्ये, प्रेक्षकांसमोर, थेट हवेत करू. हमाल मी, शेठ तू. एकही ओळ बदलायची नाही, शब्दही नाही. तू म्हणतोस ना, कुठे आणि कोण म्हणतो यावर सगळं अवलंबून आहे? कबूल. माझी अट एकच. दोन माईक समोरासमोर ठेवायचे. म्हणायचा तो शब्द माझ्याकडे बघून म्हणायचा.

आवाजकर

१८ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

आवाजकरला हो कळवलं आहे. फोनवर नाही, लेखी कळवलं, म्हणजे या वेळी कशाला हो म्हटलं ते मला ठाऊक आहे.

त्याच्या पत्रातलं सगळं तुला सांगत नाही. बापाचं वाक्य मामीने मला वाचून दाखवलं आणि नंतर ती बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मला ते खांद्यावर हात ठेवलेलं आठवत नाही. पण मी तसं केलं असेन. मी सगळ्यांच्याच खांद्यावर हात ठेवायचो.

मात्र अटीचं त्याने उगाच अवडंबर केलंय. बघून म्हणायचं तर बघून म्हणू. मी नट आहे, दोनशे भागांत एकदा अडखळलेलो नाही. रोज तालीम चालू आहे. आरशासमोर दहा वेळा म्हटलं, लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मग मामीला समोर बसवून म्हटलं. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली की गॅसवर दूध आहे, लवकर आटपा. म्हणजे माणसासमोरही जमतं.

तुझ्या साहेबांना सांग, काळजी नसावी. सही तू बेलाशक कर. खुर्च्यांचं पुन्हा ठरलंय. या खेपेला सव्वीस घरं. शेजारच्या बिल्डिंगमधली चार वाढली.

तुझा मामा

१६ मार्च

ती. मामास, सा. न.

त्या दिवशी कार्यक्रमानंतर तू गाडीत बसून निघून गेलास, माझ्याशी धड बोललाही नाहीस. म्हणून लिहिते.

काचेच्या अलीकडून मला काय दिसलं ते आधी सांगते, कारण तुला फक्त काका दिसत होते. पहिलं पान तू झोकात घेतलंस. टाचा उचलल्यास. काकांनी हमालाचं पहिलं वाक्य स्वतःच्या साध्या आवाजात म्हटलं आणि हॉल चपापला. लोकांना तुझा तो हेल काढून बोलणारा हमाल आठवत होता, आणि हा तर त्यांच्याहून चांगलं बोलत होता. मग दुसरं पान. शेठची ओळ, "अरे डांबऱ्या, इकडे ये."

तू "अरे" म्हणालास. आणि थांबलास.

मी घड्याळ लावलं होतं, सवयीने. तीन सेकंद झाली तेव्हा मला वाटलं, फेकीची तयारी करतोस. सहाव्या सेकंदाला तंत्रज्ञाने संगीताच्या बटणाकडे हात नेला, कारण थेट प्रसारणात एवढी शांतता म्हणजे केंद्र बंद पडलं असं लोक समजतात. मी त्याचं मनगट धरलं. का धरलं ते मला विचारू नकोस. परवानगीवर सही माझी होती. नऊ. दहा. तुझे ओठ हलत होते. अकराव्या सेकंदाला काका म्हणाले, "बोला ना शेठ. समोरच उभा आहे."

तेव्हाचा हशा चौदा सेकंदांचा होता. खोक्यावर मी पेन्सिलने लिहून ठेवलाय.

पुढे तेरा जागांपैकी एकाही जागी तो शब्द आला नाही. तू आपला "अरे..." म्हणून लटकायचास आणि काका दर वेळी नवीन काहीतरी बोलायचे. "शेठ, घरी लिहून ठेवलंय का?" "शेठ, मी नंतर येऊ?" तुम्ही आधी ठरवलं होतं की काय, अशी मला शंका आली. तू मात्र घामाने निथळत होतास.

आता परिणाम ऐक. श्रोत्यांची त्रेसष्ट पत्रं आली. चाळीसएक जणांनी तुझ्या विसराळू शेठच्या अभिनयाला दाद दिली आहे. एक प्राध्यापक लिहितात की अशी शांतता फक्त थोर नटच पेलू शकतो. चौघांनी जुना शब्द का गाळला म्हणून आम्हाला भ्याड ठरवलंय. एका आजींनी तुझ्यासाठी स्मरणशक्तीच्या गोळ्यांचं नाव कळवलंय. साहेबांनी अहवालात 'ज्येष्ठ कलाकारास वयोमानानुसार विस्मरण' असं लिहून हात झटकले, आणि दुसऱ्या दिवशी पत्रं बघून तोच विस्मरणाचा कार्यक्रम दर महिन्याला करता येईल का, असं मला विचारलं.

फाइल मी अजून बंद केलेली नाही. आधी मला खरं सांग. मामा, तू विसरलास का?

तुझी खारूताई

२१ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

साहेबांना सांग, हो, विसरला. प्राध्यापकांना कळव की अभिनय होता. आजींच्या गोळ्या मामीने आणल्या आहेत आणि मी त्या घेतो, कारण घेतल्या नाहीत तर ती पुन्हा हसेल. बिल्डिंगमध्ये माझी चंगळ आहे. लिफ्टमध्ये लोक "अरे..." म्हणून थांबतात आणि टाळी मागतात. मी देतो.

तुला खरं सांगतो. मी विसरलो नव्हतो. शब्द जिभेच्या शेंड्यावर होता, आरशात येतो तसाच तयार. नजर वर केली तर समोर तो. त्याने टोपी, नरसाळं काही घातलं नव्हतं, तोंडावर राग नव्हता, हसू नव्हतं. हातात कागद धरून आपली ओळ कधी येते याची वाट बघत होता. मी मनात म्हटलं, म्हण, शब्द शेठचा आहे, तुझा नाही. पण तिथे शेठ कुठेच नव्हता. मी होतो आणि तो होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याचे डोळे किती पिंगट आहेत. एकशे ऐंशी भाग त्याच्याबरोबर काढले आणि मला त्याच्या डोळ्यांचा रंग माहीत नव्हता.

संदर्भाचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, एवढं लिहून ठेव. कुठे, कोण, कोणाला, यावर सगळं ठरतं हे मी आजही म्हणतो. फक्त इतकी वर्षं मी 'कोणाला' हे बघायला मागे वळलोच नव्हतो. मला लाज वाटली, खारूताई. अकरा सेकंद लाज वाटली आणि ती सगळ्या मुलखाने ऐकली, पण ती लाज आहे हे ओळखलं एकानेच. त्यानेच मला त्यातून हात देऊन बाहेर काढलं. ठरवलेलं काहीच नव्हतं.

दर महिन्याच्या कार्यक्रमाला माझा नकार कळव. एकदा जे खरं झालं ते दर महिन्याला खोटं कसं करू? हमालाच्या आवाजासाठी मात्र माणूस हवा असेल तर आवाजकरला विचारा. त्याचा आवाज अगदी त्याच्यासारखा आहे.

तुझ्याशी न बोलता निघालो त्याचं कारणही सांगतो. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं मागच्या जिन्यात बसलो होतो. तो म्हणाला, मुलीचा फोन आला होता. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिने तिथे बसून ऐकलं. तिने विचारलं, "बाबा, ती अकरा सेकंद तो माणूस काय करत होता?"

मी म्हटलं, तू काय सांगितलंस?

तो म्हणाला, "सांगितलं, माझ्याकडे बघत होता."

तुझा मामा